साखरेचं बेट आणि युरोपचा भाव

१९७४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला ६० सेंटच्या वर गेला. दोनच वर्षांपूर्वी तो दहा सेंटच्या खाली होता. ब्रिटनमध्ये दुकानदार गिऱ्हाइकाला साखर मोजूनमापून देऊ लागले होते. ज्या देशांच्या गोदामात साखर होती, त्यांच्या दारात सगळं जग उभं होतं. नेमक्या त्याच हिवाळ्यात ब्रसेल्समध्ये युरोपीय आर्थिक समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधले ४६ देश एका मोठ्या व्यापारी कराराच्या अखेरच्या वाटाघाटी करत होते. युरोपचं म्हणणं असं : दर वर्षी ठरलेली साखर तुम्ही द्यायची, ठरलेल्या भावाने ती आम्ही घ्यायची, आणि यात दोघांनीही मागे सरायचं नाही. बाजार पेटलेला असताना असा शब्द देणं अनेकांच्या जिवावर आलं होतं. उद्याच्या हमीसाठी आजची कमाई का सोडायची?

हिंदी महासागरातल्या एका लहानशा बेटाने मात्र सर्वांत मोठा हिस्सा मागून घेतला. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती. कृषिमंत्री सतकाम बूलेल यांनी या करारामागे आपलं सगळं वजन लावलं. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगोची राजधानी लोमे इथे करारावर सह्या झाल्या. सुमारे १३ लाख टन साखरेपैकी जवळपास पाच लाख टन एकट्या मॉरिशसच्या नावावर लागली. दोन वर्षांत जागतिक भाव पुन्हा दहा सेंटच्या खाली आला, आणि पुढची तीसेक वर्षं मॉरिशसला युरोपात जो भाव मिळाला, तो अनेकदा जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट होता.

याला नशीब म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. परक्या देशाची जकात कमी झाली की काय होतं आणि ती सवलत गेली की काय होतं, हे या बेटाने आधीच दीडशे वर्षं भोगलेलं होतं.

ऊस या बेटावर डचांनी जावाहून १६३९ मध्ये आणला. फ्रेंचांच्या काळात गव्हर्नर ला बुर्दोने याने साखरेला चालना दिली, तरी कॉफी, लवंग, कापूस असं बरंच काही तिथे पिकत होतं. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट जिंकलं आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहाने ते त्यांच्याकडे राहिलं. चक्रीवादळांत कॉफीची आणि लवंगेची झाडं उन्मळून पडत, ऊस मात्र लवून वादळ अंगावरून जाऊ देई. तेव्हा ऊस वाढायला कारण होतंच. पण खरी उडी बसली ती १८२५ मध्ये, आणि ती शेतात ठरलेली नव्हती. तोवर लंडनला उतरणाऱ्या मॉरिशसच्या साखरेवर वेस्ट इंडीजच्या साखरेपेक्षा हंड्रेडवेटमागे दहा शिलिंग जास्त जकात पडे. १८२५ मध्ये ब्रिटिश संसदेने हा फरक काढून टाकला. थोड्याच वर्षांत बेटावरचं साखरेचं उत्पादन दुपटीहून वर गेलं, कॉफी आणि लवंग मागे हटली, आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस चढला. बंगालच्या साखरेला ही बरोबरी मिळायला १८३६ उजाडलं. एकाच साम्राज्यातल्या दोन मुलुखांत कोणाचा माल लंडनच्या धक्क्यावर स्वस्त उतरायचा, हे वेस्टमिन्स्टर ठरवत होतं. जमीन, पाऊस, मेहनत यांचा हिशेब त्यानंतरचा.

एवढा ऊस लावायचा तर हात हवेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी संपली. गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मिळाले आणि गुलामांना काहीच मिळालं नाही. मळेवाल्यांनी आधीच हिंदुस्थानकडे नजर वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाज पोर्ट लुईसला लागलं. त्यातून आलेले ३६ मजूर म्हणजे एका प्रचंड स्थलांतराची सुरुवात होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशा मजुरीच्या करारावर, म्हणजे गिरमिटावर, मॉरिशसला पोहोचली. त्यातली शेकड्याला सहा-सात मुंबई बंदरातून चढली होती, आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या मुलुखातली पुष्कळ होती. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये, आणि एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा. बेट ज्वालामुखीचं. कोकणातून गेलेल्या माणसाला तिथला काळा कातळ ओळखीचा वाटला असेल. ते दगड हाताने वेचून त्यांनी रानात जे ढीग रचले, ते आजही मॉरिशसच्या उसात उभे आहेत. या लोकांची मुलं-नातवंडं तिथेच रुजली. कोकणातली जाखडी तिथे झाकरी नावाने नाचली जाते आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते.

जकातीच्या एका निर्णयाने हे सगळं सुरू झालं, आणि जकातीच्याच दुसऱ्या निर्णयाने बेटाला जमिनीवर आणलं. १८४६ मध्ये लंडनमध्ये मुक्त व्यापाराचं वारं होतं. धान्यावरची जकात गेली, पाठोपाठ साखरेचा कायदा आला. वसाहतींच्या साखरेला असलेली सवलत टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं. ब्राझील आणि क्यूबाची साखर अजून गुलामांच्या श्रमावर पिकत होती. तीही आता त्याच जकातीने आत येणार होती. ज्या संसदेने गुलामगिरी बंद केल्याचा अभिमान मिरवला, तिनेच गुलामांनी पिकवलेल्या स्वस्त साखरेला दार उघडलं. १८४७ च्या आर्थिक संकटात मॉरिशसच्या मळ्यांना पैसा पुरवणाऱ्या लंडनच्या मोठ्या पेढ्या कोसळल्या, आणि त्यांच्या कर्जावर उभे असलेले मळे लिलावात निघाले.

पुढचा घाव बीटचा होता. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स आपापल्या बीट साखरेला निर्यातीचं बक्षीस देत होते. एकोणिसावं शतक सरताना जगातली निम्म्याहून अधिक साखर बीटची झाली होती. भाव पडले तेव्हा मॉरिशसच्या मोठ्या इस्टेटींनी कडेच्या, निकस जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. विकत घेणारे होते गिरमिट संपवून पैसे साठवलेले हिंदी मजूर. म्हणजे भाव पडला नसता तर मॉरिशसमध्ये हिंदी वंशाचा लहान ऊसशेतकरी उभाच राहिला नसता, निदान इतक्या लवकर तरी नाही. व्यापाराच्या इतिहासात अशी उपपरिणामांची नोंद क्वचित होते, पण पुढे मतपेटीतून बेटाचं राजकारण ठरवणारा वर्ग इथे तयार झाला.

या काळात मॉरिशसला तारलं ते मुंबईने. तिथल्या बाजारात ‘मोरस’ म्हणून विकली जाणारी साखर त्याच बेटावरून येत असे. तिलाही बक्षीस घेऊन आलेल्या बीट साखरेने गाठलं तेव्हा १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने तसल्या अनुदानित साखरेवर जादा शुल्क बसवलं. हिंदुस्थानातले साखरवाले त्याने सुखावले, आणि मॉरिशसचे मळेवाले त्यांच्याहून जास्त. मात्र १९३२ मध्ये हिंदुस्थानाने स्वतःच्या साखर उद्योगासाठी संरक्षक जकातीची भिंत बांधली. महाराष्ट्रातले अनेक कारखाने त्या भिंतीच्या आडोशाला वाढले, हे आपल्याला ठाऊक आहे. बाहेर राहिलेल्यांची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. मॉरिशस तोवर पुन्हा ब्रिटनकडे वळलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने साम्राज्यातल्या मालाला सवलतीची जकात परत सुरू केली होती.

सवलत आली तरी ती शेताच्या बांधापर्यंत आपोआप पोहोचत नाही. १९३७ मध्ये लहान शेतकऱ्यांच्या ‘उबा’ जातीच्या उसाला गिरण्यांनी १५ टक्के कमी भाव द्यायचं ठरवलं. शेतकरी आणि मजूर रस्त्यावर आले. फ्लाक जिल्ह्यात युनियन फ्लाक इथे गोळीबार झाला आणि माणसं मेली. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल इथे पुन्हा गोळ्या चालल्या. त्यात अंजले कुपेन ही गरोदर मजूर बाई मारली गेली. आज मॉरिशसमध्ये तिच्या नावाचं स्टेडियम आहे. मजूर पक्ष, कामगार संघटना, मताचा विस्तारत गेलेला हक्क, हे सगळं या उसाच्या रानांतून आलं. पुढे युरोपचा पैसा आला तेव्हा तो कोणाच्या खिशात जाणार, याचा निकाल बराचसा इथेच लागला होता, असं मी मानतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला साखर हवी होती आणि डॉलर वाचवायचे होते. त्या गरजेतून १९५१ चा राष्ट्रकुल साखर करार झाला : ठरलेला माल, वाटाघाटीने ठरणारा भाव. बेट पुन्हा साखरेवर स्थिरावलं आणि पुन्हा साखरेचंच होऊन बसलं. १९६० मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड तिथे गेले तेव्हा निर्यातीत साखरेशिवाय जवळजवळ काही नव्हतं. त्या वर्षी ‘कॅरोल’ चक्रीवादळाने ऊसही झोपवला होता. हिवताप आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांनी वाढत होती. मीड यांना भविष्य अंधारलेलं दिसलं. पुढे नोबेल मिळालेल्या या माणसाचा अंदाज चुकला, म्हणून त्याला आजवर पुष्कळ बोल लावले गेले आहेत. ते अन्यायाचं आहे. त्यांनी समोर असलेली आकडेवारी नीट वाचली होती. जी गोष्ट त्यांच्यासमोर नव्हती, ती १९७५ मध्ये आली.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय समुदायात गेलं. १९५१ चा करार आता संपणार होता. युरोप साखरेच्या बाबतीत भरलेलं घर होतं : फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम यांच्या बीटला सामाईक कृषी धोरणाने आधीच चढा भाव बांधून दिलेला. तिथे उष्ण कटिबंधातल्या कच्च्या साखरेची कोणालाच गरज नव्हती. गरज होती ती एकाला. टेम्स नदीकाठच्या सिल्व्हरटाउनचा ‘टेट अँड लाइल’चा प्रचंड कारखाना उसाची कच्ची साखर शुद्ध करण्यासाठीच बांधलेला होता. ती आली नाही तर त्याची चाकं थांबणार होती. त्यात १९७४ चा तुटवडा. मॉरिशससारख्या बेटाची बाजू तेव्हा जड झाली ती अशी : जुन्या वसाहतींना दिलेला शब्द, लंडनच्या कारखान्याची भूक आणि पेटलेला बाजार एकाच वेळी जुळून आले. बूलेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे जुळणं फार दिवस टिकणार नाही याचं भान होतं. म्हणून त्यांनी भावापेक्षा कालावधीवर भर दिला. बाकीचा लोमे करार पाच वर्षांचा होता. साखरेच्या जोडपत्रात मात्र युरोपने अमर्याद काळासाठी खरेदीची बांधिलकी घेतली.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक देशाला टनांत हिस्सा ठरवून दिलेला. जो देश ठरलेली साखर पोहोचवू शकला नाही, त्याचा हिस्सा कापून दुसऱ्याला देता येई. मॉरिशसने वादळाच्या वर्षीसुद्धा आपला शब्द पाळण्याची पराकाष्ठा केली ती यासाठी. भाव दर वर्षी वाटाघाटीने ठरायचा, पण व्यवहारात तो युरोपातल्या बीट शेतकऱ्याला बांधून दिलेल्या भावाच्या मागे चालायचा. पिकार्डीतल्या फ्रेंच शेतकऱ्याच्या संघटनेच्या दबावाने ब्रसेल्समध्ये भाव वाढला की मॉरिशसमधल्या शेतकऱ्याचाही वाढे. पोर्ट लुईसच्या साखरेची किंमत अशी दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच पिकाच्या राजकारणाला जोडली गेली. भारतालाही त्याच धर्तीवर वेगळ्या करारान्वये थोडा हिस्सा मिळाला. नंतरच्या काळात तो दहा हजार टनांचा होता. आपल्या उत्पादनाच्या मानाने तो नगण्य, त्यामुळे आपल्या साखर पट्ट्यात त्याची चर्चाही झाली नाही.

आयातीवर याचा परिणाम दुहेरी झाला. हिस्सा असलेल्यांची साखर युरोपात ठरलेल्या प्रमाणात, जागतिक भाव कितीही खालीवर झाला तरी, येत राहिली. हिस्सा नसलेल्यांना दार जवळपास बंदच राहिलं. टनाला शेकडो युरोंची जकात भरून ब्राझील किंवा थायलंडची साखर आत येणं शक्य नव्हतं. ब्राझीलमध्ये साखर जगात सर्वांत स्वस्त तयार होई. मोझांबिकसारखा देश मॉरिशसपेक्षा कितीतरी गरीब होता, पण १९७५ च्या यादीत तो नव्हता. विकसनशील देशांना दिलेली सवलत म्हणून जी ओळखली गेली, ती प्रत्यक्षात काही विकसनशील देशांना इतरांच्या पुढे बसवणारी होती, आणि यादी ठरली ती कोण कधी कोणाची वसाहत होता यावरून. गरिबीचा निकष कुठेच नव्हता. मॉरिशसबद्दल आपुलकी असूनही हे सांगितलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट युरोपात फार उघडपणे बोलली जात नसे. घरात साखर तुडुंब असताना युरोप सवलतीची साखर विकत घेई, नंतरच्या काळात सोळा लाख टनांच्या आसपास, आणि जवळपास तेवढीच साखर अनुदान देऊन जगाच्या बाजारात ओतत असे. चढ्या भावाचा भार युरोपातल्या गिऱ्हाइकाने वाहिला. ओतलेल्या साखरेने पडलेल्या भावाचा भार इतर देशांतल्या ऊसशेतकऱ्याने.

मॉरिशसने मिळालेल्या पैशाचं काय केलं, इथे ही गोष्ट रंगतदार होते. अरविंद सुब्रमण्यन (जे पुढे भारताचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले) आणि देवेश रॉय यांनी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत असताना हिशेब मांडला होता. साखरेच्या सवलतीतून मॉरिशसला मिळालेली जादा रक्कम दर वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास भरत होती. एवढा पैसा बाहेरून फुकट आला की बहुतेक देशांत तो मूठभरांकडे जातो. मॉरिशसमध्ये इस्टेटी आणि गिरण्या फ्रेंच वंशाच्या मोजक्या घराण्यांच्या हाती होत्या, आणि सरकार ऊसतोड मजुरांच्या मुला-नातवंडांच्या मतांवर उभं होतं. दोघांत न लिहिलेला सौदा झाला. जमिनी जप्त होणार नाहीत, पण साखरेच्या निर्यातीवर चढता कर बसेल. लहान शेतकरी त्यातून मोकळा, मोठी इस्टेट जास्त देणार. १९७० च्या दशकात माध्यमिक शिक्षण फुकट झालं. म्हातारपणाचं पेन्शन होतंच. हा कर १९९४ पर्यंत टिकला.

इस्टेटवाल्यांच्या हाती उरलेला पैसा बेटाबाहेर फारसा नेता येत नव्हता, तेव्हा तो हॉटेलांत आणि कापडाच्या कारखान्यांत गेला. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला होता. हाँगकाँगच्या कारखानदारांना अमेरिका-युरोपच्या कापड कोट्यांनी जखडलं होतं. मॉरिशसमधून युरोपात जाणाऱ्या कपड्यांवर ना जकात होती ना कोटा. हाँगकाँगचे कारखानदार तिकडे गेले, आणि साखरवाल्यांचा पैसा त्यांच्या शेजारी लागला. मुंबईचे कापड निर्यातदार त्याच कोट्यांनी बांधलेले होते, हे इथे आठवलं पाहिजे. काही वर्षांत लोकरी स्वेटरच्या निर्यातीत हे बेट जगातल्या मोठ्या नावांत गेलं. कारखान्यांत मुख्यतः बाया होत्या. उसाच्या रानात राबलेल्या आईची मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या पगारपत्रकावर सही करू लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास होती, दशक सरताना कारखान्यांना माणसं मिळेनात. मीड यांच्या भाकिताचं उत्तर ते हेच.

सगळीकडे असं झालं नाही. त्रिनिदादला साखरेचा हिस्सा होता आणि तेलही होतं. साखरेची सरकारी कंपनी वर्षानुवर्षं तोट्यात चालवून २००३ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि सुमारे नऊ हजार माणसं घरी बसली. सेंट किट्सने २००५ च्या हंगामानंतर साखर कायमची बंद केली. तिथला ऊस साडेतीनशे वर्षांचा होता. हमीभाव तोच, कागद तोच. वेळ मिळाला तो कोणी वापरला आणि कोणी नाही, एवढाच फरक होता.

शेवट तिघांच्या तक्रारीने आला. २००२-०३ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. त्यांचं बोट युरोपच्या निर्यात अनुदानावर होतं. उसाच्या बेटांशी आमचं भांडण नाही, असं ते सांगत राहिले. पण दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात गुंफलेल्या होत्या. एप्रिल २००५ मध्ये अपील मंडळाचा निकाल युरोपविरुद्ध गेला. त्याच नोव्हेंबरात युरोपने साखरेचा हमीभाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं. ही कपात अटळच होती, असं म्हणता येईल. मला खुपतं ते पुढचं. युरोपातल्या बीट शेतकऱ्याला या कपातीपैकी सरासरी ६४ टक्के भरपाई थेट अनुदानातून मिळाली. करारातल्या १८ देशांना मिळून २००६ सालासाठी चार कोटी युरो ठेवले गेले. पुढच्या वर्षांत मदत वाढली, पण ती अटींसह, योजना मंजूर करून घेत, हप्त्याहप्त्याने. २००७ मध्ये युरोपने साखरेचं जोडपत्रच रद्द करत असल्याची नोटीस दिली, आणि १ ऑक्टोबर २००९ पासून ते संपलं. अमर्याद काळाची बांधिलकी ३४ वर्षं टिकली.

मॉरिशसवर तेव्हा तीन घाव एकदम पडत होते. २००४ च्या अखेरीस जगातले कापड कोटे संपले आणि स्वेटरचे कारखाने चीनकडे, बांगलादेशाकडे गेले. साखरेचा भाव उतरला. तेल चढलं. बेटाला या दिवसाची चाहूल मात्र आधीच लागली होती. २००१ पासून साखर उद्योगाची फेरबांधणी सुरू झाली होती. हजारो मजुरांना स्वेच्छानिवृत्ती दिली गेली, त्यात रोख रकमेबरोबर घरापुरती जमीनही होती. गिरण्या अकरावरून चारवर आल्या, आज तीन उरल्या आहेत. उरलेल्या गिरण्या चिपाडावर वीज तयार करून सरकारी जाळ्यात देतात. कच्ची साखर पाठवणं थांबवून दोन कारखान्यांत ती शुद्ध केली जाऊ लागली, आणि डेमेरारा, मस्कोव्हाडो अशा जास्त भावाच्या साखरेवर भर दिला गेला. उद्योग वाचला, पण अर्ध्याहून लहान झाला. १९७३ मध्ये बेटावर सात लाख टनांहून अधिक साखर झाली होती. अलीकडे ती अडीच लाखांच्या आसपास असते. २०१७ मध्ये युरोपने स्वतःच्या बीटवरची उत्पादन मर्यादाही काढली, भाव आणखी पडले, आणि कडेचे लहान शेतकरी रान सोडून देऊ लागले. गिरमिट संपवून पणजोबांनी घेतलेले तुकडे आज बऱ्याच ठिकाणी पडीक आहेत.

ही गोष्ट मराठी वाचकाला सांगावीशी वाटली, त्याचं एक कारण कोकणातून तिथे गेलेली ती माणसं. दुसरं कारण आजचं आहे. १ एप्रिल २०२१ पासून भारत आणि मॉरिशस यांच्यात व्यापारी करार लागू आहे, आणि त्यात मॉरिशसच्या विशेष साखरेला ठरावीक मर्यादेपर्यंत कमी जकातीने भारतात येऊ देण्याची तरतूद आहे. जगातल्या अतिगरीब देशांच्या बहुतेक मालाला भारताने २००८ पासून जकातीत सूट दिलेली आहे. देणाऱ्याच्या बाजूला आता आपण बसतो. मोझांबिकची तूर, टांझानियाचा काजू, मॉरिशसची साखर आपल्या बंदरांत कोणत्या जकातीने उतरते, यावर तिथली शेतं लागतात आणि मोडतात. तेव्हा हे करार करणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना आणि त्यांना जाब विचारणाऱ्या आपल्या खासदारांना एवढंच सांगणं आहे : सवलत द्याल तेव्हा तिची मुदत पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहा, ती काढायची असेल तर समोरच्याला एका हंगामाची नोटीस पुरत नाही हे लक्षात ठेवा, आणि आपल्या शेतकऱ्याला भरपाई देताना पलीकडच्या शेतकऱ्याचाही हिशेब त्याच टेबलावर मांडा.